जागल्या आणि चार नद्या

सोमवार, २६ ऑगस्ट १९९६

हंबीररावांनी आज केबिनमध्ये बोलावून क्लस्टर माझ्या हवाली केला. म्हणाले, "बिंदुमाधव, बघा जरा ह्याच्याकडे." साहेब कोल्हापूरचे, डिसेंबरात रिटायर होणार. खुर्ची रिकामी होणार आणि त्याच्या चार महिने आधी क्लस्टर माझ्याकडे येतो. ज्याला समजायचं त्याला समजलं.

क्लस्टर म्हणजे तळमजल्यावरच्या एसी खोलीतल्या चार मशीन्स. कावेरी, तुंगा, भद्रा, नेत्रावती. चौघी मिळून एकच मोठं गणित सोडवतात. आतापर्यंत त्यांच्यावर कुणाचं लक्षच नव्हतं. बंद पडली की कुणीतरी खाली जाऊन चालू करायचं. सरकारी रिसर्च म्हणतात तो हा.

मी एक स्क्रिप्ट लिहिली आहे. दर दहा मिनिटांनी चौघींना विचारते: जिवंत आहेस का? डिस्कवर जागा आहे का? कामाचा लोड किती? गडबड असली की मला ईमेल. गावात रात्री गस्त घालतो तो जागल्या असतो ना, म्हणून नाव ठेवलं 'जागल्या'. घरी बायकोला, हेमाला, नाव सांगितलं. ती म्हणाली, "आणि जागल्याच झोपला तर?" प्रोग्रॅम झोपत नाही हे समजावलं. ती भाजी निवडत होती.

संकल्प: (१) पाचला उठणे. (२) कन्नड शिकणे, रोज एक वाक्य. (३) कॉफी कमी.

मंगळवार, २७ ऑगस्ट

उठायला पावणेआठ. पहिला दिवस धरायचा नसतो.

जागल्याचा पहिला ईमेल आला! 'तुंगा: डिस्क पूर्ण भरली.' धावत खाली. डिस्क निम्मी रिकामी. शोध घेतला. तुंगाच्या डिस्कचं नाव लांबलचक असल्याने मशीन एक ओळ मोडून दोन ओळींत छापते, आणि जागल्या वाचतो भलत्याच रकान्यातला आकडा. म्हणजे चूक मशीनची. एवढं मोठं नाव ठेवावंच कशाला?

उपाय: आता जागल्या प्रत्येक गोष्ट तीनदा विचारेल आणि सरासरी काढेल. लोकशाही पद्धत.

संध्याकाळी तीन ईमेल. तुंगाची डिस्क तिन्ही वेळा भरलेली. सरासरी पण भरलेली.

गुरुवार, २९ ऑगस्ट

क्लस्टरवर सध्या मथुराचं गणित चालू आहे. मथुरा आमच्याकडे प्रोजेक्टवर टेंपररी. घर बसवनगुडीत, चार पिढ्या बंगळूरमध्ये, आणि मराठी असं की पुण्याच्या माणसाने कानात बोटं घालावीत. "सर, स्वल्प थांबा की." "मी करून टाकते, सरी?" ('सरी' म्हणजे 'ठीक?') कामाला मात्र चांगली. विद्युत केंद्राच्या उंच चिमणीवर वारा आदळला की ती किती डोलेल, हे तिला काढायचं आहे. २७ सप्टेंबरला दिल्लीहून कमिटी येणार. आकडे पसंत पडले तर प्रोजेक्ट वाढेल आणि ही पर्मनंट होईल. नाही तर घरी.

आज जागल्याने कळवलं की चौघींवर लोड फार आहे. उष्णता! दुसरं काय? देवाप्पा इलेक्ट्रिशियनला बोलावून एसीबद्दल सुनावलं. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "तंपागिदे सार." गार आहे म्हणे. मी स्वेटर घालून उभा होतो, त्यामुळे फार ताणता आलं नाही.

आजचं कन्नड वाक्य: तंपागिदे.

सोमवार, २ सप्टेंबर

लोड वाढतोच आहे. शत्रू जवळ आला की पहारा वाढवायचा असतो. जागल्या आता दर दोन मिनिटांनी फिरेल.

दुपारपर्यंत मशीन्स आणखी मंद. म्हणजे माझा निर्णय किती योग्य होता ते बघा. दहा मिनिटांवर ठेवला असता तर त्या एवढ्या मंद आहेत हे कळलंच नसतं.

बुधवार, ४ सप्टेंबर

कावेरीवर कोणकोणते प्रोग्रॅम चालू आहेत त्याची यादी काढली. पानंच्या पानं जागल्या, जागल्या, जागल्या. आधीचा फेरी संपवून येण्याच्या आत पुढचा निघतो, आणि सगळे रांगेत उभे. ऊर भरून आला. केवढा हा पहारा!

मथुरा येऊन म्हणाली, तिचं गणित बैलगाडीसारखं चाललंय. आणि मग, जरा चाचरत, "सर, तुमचा जागल्या एक दिवस बंद करून बघूया का?"

मी हसलो. म्हटलं, ताप आला म्हणून थर्मामीटर मोडतात का?

ती जाता जाता म्हणाली, "थर्मामीटरनंच ताप येत असला तर, सर?"

तरुण पिढीला निदानाची शिस्त नाही. तिच्या फाइलमध्ये तसा शेरा लिहावा का? नको. मन मोठं ठेवावं.

सोमवार, ९ सप्टेंबर

पेजर आला! दोन आठवडे अर्ज फिरत होता. काळा, छोटा, पट्ट्याला अडकवायचा. आता जागल्या मॉडेमवरून थेट माझ्या कमरेला निरोप देणार. हेब्बाळच्या बसमध्ये कंडक्टरने निरखून पाहिलं. मी शर्ट थोडा मागे सरकवला, त्याला नीट दिसावं म्हणून.

हेमा म्हणाली, "कुणी आजारी आहे का? डॉक्टर लोक लावतात ना ते?" म्हटलं, मी एक प्रकारचा डॉक्टरच. पेजर लगेच वाजला. 'तुंगा डिस्क फुल.' जेवताना वाजला. ताक पिताना वाजला. शेजारणीने खिडकीतून विचारलं की तुमच्याकडे कोकिळा पाळली आहे का.

कॉफी: पाच कप. परिस्थिती असाधारण आहे.

मंगळवार, १७ सप्टेंबर

कालची गोष्ट लिहायची नव्हती, पण हेमाने तिच्या बहिणीला एसटीडीवर सांगितलीच आहे, तेव्हा खरी बाजू कुठेतरी असावी.

गणेश चतुर्थी. मंडळाच्या हॉलमध्ये आरती. यंदा तबक माझ्या हातात, हा मान. आरती ऐन रंगात, झांजा जोरात, आणि कमरेला ट्यां ट्यां. शेजारचे काका समजले की मी काही नवीन वाद्य आणलं आहे, त्यांनी त्या ठेक्यावर टाळ्या धरल्या. मी एका हाताने पेजर काढला. 'भद्रा डेड.'

कर्तव्य म्हणजे कर्तव्य. मी ऑफिसला फोन करायला बाहेर पडलो. तबक हातात आहे हे ध्यानात आलं नाही. लोकांना वाटलं, आरती बाहेर फिरवायची नवी पद्धत असेल. सगळे माझ्या मागे. रस्ता ओलांडून फोनच्या बूथपर्यंत वीसपंचवीस माणसं आणि एक झांजवाला. बूथवाल्याने उठून निरांजनावर हात फिरवून आरती घेतली.

काकांनी माझ्या खांद्यावरून पेजर वाचला होता. गंभीर आवाजात विचारलं, "भद्रा कोण तुमच्या?"

मी घाईत म्हणालो, "माझ्याकडे आहे ती. चौघींपैकी तिसरी."

गुरुजींनी तबक माझ्या हातातून काढून घेतलं आणि सुतक असताना यायला नको होतं म्हणाले. दोन बायकांनी हेमाचे हात हातात घेतले. हेमा घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आल्यावर मात्र बोलली.

ऑफिसात फोन केला तर मथुरा सुट्टी असून हजर. भद्रा धडधाकट. फक्त एवढे जागल्या एकदम विचारायला गेले की तिला उत्तर द्यायला वेळ लागला. जागल्याने तिला मृत ठरवली.

थोडा संवेदनशील आहे, एवढंच.

बुधवार, १८ सप्टेंबर

खूप विचार केला. आजवर जागल्या फक्त ओरडायचा. पण चोर दिसल्यावर नुसतं ओरडून भागतं का? हातात काठी हवी. आज नवीन भाग लिहिला: लोड हाताबाहेर गेला की मशीनवर सर्वांत जास्त खाणारा जो प्रोग्रॅम असेल, त्याला शोधून ठार करायचा. साहेबांना विचारायचं होतं, पण ते जेवायला गेले होते आणि प्रेरणा थांबत नाही.

चालू केला. स्वतःवरच खूश होऊन तीन कॉफ्या प्यायलो.

गुरुवार, १९ सप्टेंबर

जागल्याने पहिला चोर पकडला. चारही मशीन्सवर एकाच वेळी.

तो चोर म्हणजे मथुराची चिमणी.

सकाळी आलो तेव्हा ती स्क्रीनसमोर बसलेली होती. रडत नव्हती. ओरडलीही नाही. तिने फक्त स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिचं गणित थांबलेलं, आणि त्याखाली माझीच ओळ: 'गुन्हेगार संपवला. जागल्या.' ही ओळ मी काल मोठ्या हौसेने लिहिली होती.

मी समजावलं की मध्ये मध्ये काम सेव्ह करत राहणं ही प्रत्येकाची जबाबदारी असते. ती म्हणाली, सेव्ह केलेलं आहे, गेल्या आठवड्यापर्यंतचं. त्यापुढचं गेलं. आणि कमिटी पुढच्या शुक्रवारी. मग तोंड धुवायला गेली, ती बराच वेळ आली नाही. दुपारी तिचा डबा टेबलावर तसाच होता.

तांत्रिकदृष्ट्या जागल्याचं चुकलं नाही. सर्वांत जास्त खाणारा प्रोग्रॅम तोच होता. जागले शेकडो असले तरी एकेकटा बारीकच.

घरी हेमाला सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं." म्हटलं, ह्या म्हणी कॉम्प्युटरच्या आधीच्या आहेत. ती म्हणाली, "त्या मुलीची नोकरी गेली तर तिला हेच सांगा."

जेवण नीट गेलं नाही. कोबी होता, म्हणूनही असेल.

शुक्रवार, २० सप्टेंबर

ठार करण्याचा भाग तात्पुरता काढला. तत्त्व म्हणून नव्हे, सध्याचं वातावरण बघून.

हंबीररावांनी बोलावलं. काय झालं विचारलं. मी चौकशी चालू आहे असं सांगून कारणं मांडली: उष्णता, डिस्कचं लांब नाव, व्होल्टेज, आणि युजरची सेव्ह करण्याची सवय. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तुमचा तो पहारेकरी?" म्हटलं, त्याच्यामुळेच तर हे सगळं उघडकीला आलं. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. रिटायर होणारी माणसं अशी मधूनच हरवतात.

जायच्या आधी एक शेवटची दुरुस्ती केली. जागल्या प्रत्येक प्रश्नाआधी आता दोन सेकंद थांबेल. समोरच्याला श्वास घ्यायला वेळ दिला पाहिजे. आयुष्यातही हेच तत्त्व लागू आहे.

सोमवार, २३ सप्टेंबर

चमत्कार!!

शनिवार दुपारपासून पेजर गप्प. एकही ईमेल नाही. जागल्या चौघींची तब्येत स्क्रीनवर ज्या पाटीवर लिहितो, तिच्यावर चारही नद्या हिरव्या. मशीन्स वाऱ्यासारख्या पळताहेत. मथुराचं गणित शुक्रवारच्या आत होईल म्हणे, आणि वर वेळ उरेल.

दोन सेकंद! फक्त दोन सेकंद. माणसं आयुष्यभर शोधतात ती गोष्ट मला शुक्रवारी घाईत सुचली.

मथुराने घरून होळिगे आणल्या. तिच्या आईने केलेल्या, म्हणजे आपली पुरणपोळीच. सगळ्यांना वाटल्या. मला दोन. माझ्याकडे बघून काही बोलायला आली, मग म्हणाली, "असू दे सर, नंतर सांगते." कृतज्ञता व्यक्त करणं सगळ्यांना जमत नाही. मी मानेनेच ती स्वीकारली.

हेमाला चमत्कार सांगितला. ती म्हणाली, "नक्की तुमच्यामुळेच ना?" असे प्रश्न बायकोनेच विचारावेत.

निर्णय: कमिटीसमोर जागल्या सादर करायचा. मथुराच्या चिमणीनंतर पाच मिनिटं. साहेबांना आधी सांगत नाही. डिसेंबरची खुर्ची लांब नाही, तेव्हा पुढाकार दिसलेला बरा.

बुधवार, २५ सप्टेंबर

भाषणाची तयारी. पहिलं वाक्य ठरलं: 'जे दिसत नाही, ते दुरुस्त होत नाही.' आरशासमोर तीनदा म्हटलं. हेमाने आतून विचारलं, चष्मा हरवला का.

पाटी अजून हिरवी. अगदी स्थिर. आकडा म्हणून हलत नाही. अशी स्थिरता मी कुठल्याही क्लस्टरवर पाहिलेली नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर. दुपारी ४

लिहितो. लिहायलाच हवं.

मथुराचं सादरीकरण उत्तम झालं. चिमणी डोलते, पण पडत नाही. कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ, जाड चष्म्याचे, दोनदा "गुड, गुड" म्हणाले. मथुराने घाम पुसला. मला खरंच बरं वाटलं. तिच्याबद्दल.

मग मी उठलो. साहेब काहीतरी म्हणाले, पण तोवर माझं पहिलं वाक्य निघून गेलं होतं. पडद्यावर जागल्याची पाटी लावली. चार हिरव्या नद्या. म्हटलं, ही ह्या क्षणाची स्थिती आहे, दर दोन मिनिटांनी ताजी होणारी.

जाड चष्मा पुढे झुकला. हिंदीत म्हणाला, "इसमें तो इक्कीस तारीख लिखी है."

मी वळून पाहिलं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत खरंच. २१ सप्टेंबर, दुपार. गेला शनिवार. आठवडाभर मी ती पाटी रोज पाहत होतो. पण चांगल्या बातमीची तारीख कोण बघतो?

मी म्हणालो, मशीनचं घड्याळ मागे पडलं असेल.

"छह दिन?"

म्हटलं, बंगळूरला व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे.

खोलीत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. साहेबांनी मथुराकडे पाहिलं. ती उभी राहिली. तिच्या हातात पेन होतं, ते ती फिरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, शनिवारी मीच बंद केला. साहेबांना विचारून केला. तो बंद झाला, तेव्हापासून मशीन्स नीट चालतात."

मी दोन सेकंद थांबलो. जास्तच थांबलो असेन.

जाड चष्म्याने विचारलं की म्हणजे सगळा लोड ह्या पहारेकऱ्याचाच होता का. मथुराने मान हलवली. मग ते हसले, वाईट नाही, मोकळं हसले, आणि त्यांच्याबरोबर सगळी कमिटी. हंबीरराव तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "बिंदुमाधव, बसा आता."

बसलो.

शनिवार, २८ सप्टेंबर

आज मथुराला जाब विचारायचा असं ठरवून गेलो होतो. वाक्यंसुद्धा पाठ केली होती.

म्हटलं, मला न सांगता बंद केलास? ती म्हणाली, "सांगितलं होतं की सर. तुम्ही थर्मामीटरचं बोललात." म्हटलं, बंद केल्यावर तरी सांगायचंस. ती म्हणाली, "सोमवारी सांगायला आले होते. तुम्ही एवढे खूश होता. पहिल्यांदाच तुम्हाला असं हसताना बघितलं. मग म्हटलं, कमिटी होऊन जाऊ दे, मग सांगू. तुम्ही तिथं दाखवणार आहात हे मला काय माहीत, सर?"

पाठ केलेली वाक्यं ह्यानंतर कुठे बसेनात.

मी विचारलं, तुझं गणित मारलं तेव्हा तुला माझा राग आला का. ती म्हणाली, "आला की. खूप आला. घरी अम्माला म्हटलं, त्या माणसाचं तोंड बघणार नाही." मग हसली. "पण शेजारीच टेबल आहे, न बघून कसं चालेल?"

मी एवढंच म्हटलं की माझं चुकलं. हे वाक्य मराठीतच म्हटलं, इंग्रजीत नाही. इंग्रजीत सोपं जातं.

तिने लगेच कागद ओढला. जागल्या पूर्ण टाकून द्यायची गरज नाही म्हणाली. तासातून एकदा फिरवायचा. आधीचा परत आला नसेल तर दुसरा सोडायचा नाही. कुणाला मारायचं नाही. तुंगाची ओळ मोडली तर ती जोडून वाचायची. पाचसात ओळींचं काम.

म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, "सर, कालच केलं."

सोमवार, ३० सप्टेंबर

साहेबांनी नोटीस लावली. क्लस्टर मथुराकडे. तिचा प्रोजेक्ट दोन वर्षं वाढला, पर्मनंटचा कागद दिल्लीला गेला. माझ्याकडे कॅन्टीन समिती.

साहेब म्हणाले, "लक्ष ठेवायची तुम्हाला हौस आहे. सांबारावर ठेवा."

घरी सांगितलं. मला वाटलं हेमा हसेल. ती हसली नाही. तिने कॉफी केली, स्वतः, न मागता. मग बाजूला बसली आणि म्हणाली, उद्या रजा टाका.

मंगळवार, १ ऑक्टोबर

रजेवर. उठायला साडेनऊ.

दुपारी सहज ऑफिसला फोन केला. मथुराने उचलला. क्लस्टर कसा आहे विचारलं. छान आहे म्हणाली. जागल्या? तोही छान, तासातून एकदा फिरून येतो. मग मी, आवाज शक्य तितका साधा ठेवून, विचारलं की माझ्यावाचून तिकडे काही अडलंय का.

ती म्हणाली, "थांबा सर, सगळ्यांना विचारून येते."

तिने फोन टेबलावर ठेवला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती खरोखरच एकेकाला विचारत होती, मला ऐकू येत होतं. हंबीररावांनाही विचारलं. देवाप्पालाही विचारलं.

बऱ्याच वेळाने परत आली.

नाही म्हणाली.